टाकी मोजली, ज्योत राहिली

आमच्या परसात गोठ्याला लागून एक लोखंडी टाकी उपडी पडली आहे. पाच-सहा गड्यांनी मिळून उचलावी एवढी जड. वरचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली आहे आणि आत कोंबड्यांनी संसार थाटला आहे. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलेला एक क्रमांक मात्र अजून अर्धामुर्धा वाचता येतो. १९८४ साली पंचायत समितीकडून आलेल्या माणसाने तो माझ्यादेखत लिहिला. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवशी आमच्या चुलखंडात पहिल्यांदा निळी ज्योत पेटली, आईने तिच्यावर चहा केला आणि साहेबांनी तो पिऊन कागदावर सही केली.

ती टाकी नऊ वर्षांनी गंजून फुटली. ज्योत विझली. पण सरकारी आकडेवारीत ती विझलेली नाही. गोबरगॅस संयंत्रांचे आकडे 'आजवर उभारलेली' असे एकावर एक रचत दिले जातात. देशात अशी पन्नास लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आठ लाखांहून अधिक. त्यात आमची एक धरलेली आहे. कोंबड्यांसकट.

या एका विसंगतीने मला या विषयाकडे ओढले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. गावच्या दूध संस्थेत हिशेब लिहिण्यात उमेद गेली, त्यामुळे जनावरे किती, शेण किती, हे मला पुस्तकाआधी ठाऊक होते. पुढे खादी ग्रामोद्योगाच्या जुन्या पुस्तिका, योजनांची परिपत्रके आणि वार्षिक अहवाल मिळतील तसे गोळा करत गेलो. घरगुती पातळीवर ऊर्जा निर्माण करणाऱ्याला सरकारने मदत करायची, ही कल्पना आज छतावरच्या सौर पॅनेलमुळे नवी वाटते. पण आपल्याकडे तिचा सर्वांत मोठा प्रयोग शेणावर झाला, आणि त्यात सरकारने नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न अजून बाकी आहे.

आरंभाविषयीच एक चूक आधी दुरुस्त करायला हवी. जगातले पहिले असे संयंत्र मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८५९ साली बांधले गेले, हे वाक्य इंग्रजी लेखनात सर्रास फिरते आणि तिथून मराठीतही येते. पण ते कुष्ठधाम सुरू झाले तेच मुळी १८९० साली, मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने. आज वडाळ्याला ॲकवर्थ रुग्णालय म्हणून आहे ते हेच. जी इमारत नव्हती तिच्यात संयंत्र कसे असेल? १८९७ हे साल मात्र जुळते. तिथल्या मैल्याच्या टाकीवर वायू गोळा करण्याची सोय केली होती आणि त्या वायूवर इंजिन चालवले जाई, अशी नोंद मिळते. म्हणजे आपल्या गोबरगॅसचा हा पूर्वज शेणाचा नव्हे, मैल्याचा होता. हे पुढे देहूला जाताना लक्षात ठेवावे.

शेणावरचे पद्धतशीर काम दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी सुरू केले. त्यांचा प्रश्न इंधनाचा नव्हता, खताचा होता. शेणी थापून जाळल्या की शेतात जायचे खत धुरात जाते. तेव्हा शेणातला जळणारा भाग आधी काढून घेता आला आणि खत तसेच राखता आले तर? बंद हौदात, हवा न लागता शेण कुजले की त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो जाळावा आणि उरलेला काला शेतात घालावा. गोष्ट साधी आहे. अडचण होती ती हा वायू खेड्यातल्या गवंड्याला आणि लोहाराला बांधता येईल अशा वस्तूत पकडण्याची.

ती सोडवली जशभाई पटेल यांनी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जे संयंत्र बनवले त्याचे नाव 'ग्रामलक्ष्मी'. विटांची विहीर, मध्ये आडवी भिंत, एका बाजूने शेणकाला आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि वर उपडी लोखंडी टाकी. वायू साठला की टाकी वर येते, वापरला की खाली जाते. तिच्या वजनानेच वायूला दाब मिळतो, आणि ती हाताने फिरवली की वरची साय मोडते. आमच्या आईला या यंत्रातले काहीही समजावून सांगावे लागले नाही. टाकी किती वर आहे हे पाहून ती भाकरी थापायला घ्यायची की आधी डाळ शिजवायची, हे ठरवायची. वायूचा साठा डोळ्यांनी दिसतो, असे दुसरे कुठलेही इंधन तिने पाहिले नव्हते.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने, ज्याचे मुख्यालय मुंबईतच विलेपार्ल्याला आहे, १९६१-६२ च्या सुमारास हा नमुना स्वीकारला आणि अनुदान व कर्ज देऊन त्याचा प्रसार सुरू केला. सरकारी आश्रय मिळाला तो असा: ऊर्जा खात्याकडून नव्हे, तर चरखा, तेलघाणी आणि मधमाशांच्या पंगतीत. म्हणून त्या काळच्या मांडणीत गोबरगॅस हा ग्रामोद्योग आहे, गाय आहे, सोनखत आहे. वेग मात्र बेताचाच होता. १९७३ पर्यंत देशभरात जेमतेम सात हजारांच्या आसपास संयंत्रे झाली होती. या संथपणाची पुष्कळांनी थट्टा केली आहे. मला मात्र वाटते की एवढ्या थोड्या संयंत्रांची विचारपूस करणे शक्य तरी होते.

१९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले आणि शेणाकडे बघण्याची दिल्लीची नजर बदलली. कालपर्यंत जे खत वाचवण्याचे साधन होते ते आता रॉकेल वाचवण्याचे झाले. अनुदान वाढले, बँकांची कर्जे आली, आणि १९८० पर्यंत संयंत्रे ऐंशी हजारांच्या घरात गेली. मग १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प आला. १९८१ च्या मार्चमध्ये पर्यायी ऊर्जेसाठी आयोग, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग आणि १९९२ मध्ये त्याच विषयाचे स्वतंत्र मंत्रालय. जगात अशा विषयाला वेगळे मंत्रालय देणारा आपला पहिलाच देश. या अभिमानाच्या गोष्टी आहेत आणि मी त्या कमी लेखत नाही.

पण माझ्या मते निर्णायक घटना यांपैकी एकही नाही. ती आहे जानेवारी १९८२ चा नवा वीसकलमी कार्यक्रम. त्याच्या एका कलमात सामाजिक वनीकरणाच्या जोडीला बायोगॅस होता. वीसकलमीत जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी त्या काळी जिल्हा परिषदेत किंवा बँकेत काम केले त्यांना सांगायला नको. राज्याला लक्ष्यांक, राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून विस्तार अधिकाऱ्याला. दर महिन्याला आढावा बैठक आणि मार्चअखेर धावपळ. या उतरंडीत एकच आकडा वर जाऊ शकतो: किती बांधली. किती पेटतात हा आकडा वर नेण्यासाठी रकानाच नव्हता.

आमची टाकी त्या धावपळीतली. मार्च महिना होता. वडिलांना गोबरगॅस हवाच होता असे नाही, अधिकारी घरी आले, "तुमच्याकडे चार म्हशी, तुम्हीच नाही म्हणालात तर कोण करणार?" म्हणाले, आणि वडील नाही म्हणू शकले नाहीत. दोन घनमीटरचे संयंत्र. त्याला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते आणि जवळपास तेवढेच पाणी. शेण होते. पाणी आईला आडावरून आणावे लागे. कागदावर "दैनंदिन पाणी: ५० लिटर" असे लिहिलेले असते, ते म्हणजे बाईच्या डोक्यावरच्या चार घागरी. योजनेने धूर घालवला हे खरेच. आईचे डोळे चुरचुरायचे थांबले आणि आजी शेवटची वर्षे चुलीपुढे खोकली नाही. पण त्या बदल्यात शेण कालवणे आणि पाणी वाहणे ही दोन कामे आली, आणि ती कोणी करायची हा प्रश्न कोणी विचारलाही नाही.

कोल्हापूर भागात गोबरगॅस राज्यात सर्वांत जास्त रुजला, त्याचे श्रेय सहसा प्रचाराला आणि अधिकाऱ्यांना दिले जाते. दूध संस्थेत बसून मला कारण वेगळे दिसते. इथली म्हैस दावणीला असते. ती दिवसभर रानात हिंडून शेण विखरून येत नाही, गोठ्यातच देते. दूध संघांनी घरोघरी दुभती जनावरे बांधली आणि नदीकाठाने पाणी होते. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात जनावरे तितकीच असली तरी ती माळावर चरायला जातात, आणि मेमध्ये माणसालाच पाणी नसते तिथे शेण कालवायला कुठून आणणार? अनुदानाच्या रकमेत लाभार्थ्याची जात पाहिली, जमीन पाहिली, शौचालय जोडल्यास जादा पैसे दिले. पाणी मात्र पाहिले नाही.

आणि ज्यांच्याकडे जनावरेच नव्हती त्यांचे काय? आमच्या गल्लीत एक भूमिहीन म्हातारी होती. रस्त्यावरचे शेण गोळा करून शेणी लावायची, तेच तिचे सरपण आणि थोडी विक्रीही. गोबरगॅस आल्यावर शेणाला किंमत आली. पोरे बुट्टी घेऊन जनावरांच्या मागे जाऊ लागली आणि म्हातारीच्या वाट्याला काटक्या आल्या. हा परिणाम देशभरातल्या अभ्यासकांनी नोंदवला आहे. मी तो शब्द कळण्याआधी पाहिला.

तंत्राच्या बाजूने मधल्या काळात फार चांगले काम झाले, हे न सांगणे अन्यायाचे होईल. लोखंडी टाकी हा या संयंत्राचा सर्वांत महाग भाग आणि सर्वांत कच्चाही. काल्याच्या रेषेवर, जिथे लोखंड ओले-कोरडे होत राहते, तिथे ते आधी खाल्ले जाते. दरवर्षी रंग दिला नाही तर काही वर्षांत भोक पडणार हे ठरलेले. चिनी शेतकऱ्यांनी सत्तरच्या दशकात टाकीशिवायची, जमिनीत गाडलेली घुमटाची संयंत्रे लाखोंनी बांधली होती. त्यावरून उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यातल्या अजीतमल केंद्राने १९७८ मध्ये 'जनता' नमुना काढला, आणि १९८४ मध्ये 'ॲफप्रो' या संस्थेने 'दीनबंधू'. दीनबंधू म्हणजे विटांचा अर्धगोल, लोखंड जवळजवळ नाहीच, खर्च खूप कमी. पण टाकी गेली तशी लोहाराची गरज गेली आणि गवंड्याची वाढली. घुमटाच्या आतल्या गिलाव्याला केसाएवढी चीर राहिली तरी वायू निसटतो, आणि ती चीर वरून दिसत नाही. म्हणून दीनबंधूचा खरा इतिहास हा गवंड्यांच्या प्रशिक्षणाचा इतिहास आहे. तो कोणी लिहिलेला नाही. आमच्या तालुक्यात असे काम करणारे जे दोघे-तिघे गवंडी होते ते बांधकामाचे दर वाढल्यावर शहरात गेले, आणि त्यांच्याबरोबर ती कलाही गेली.

१९९३ मध्ये आमच्या टाकीला भोक पडले. वडील तालुक्याला गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की अनुदान एकदाच मिळते आणि ते तुम्हाला मिळालेले आहे. नवे बांधणार असाल तर भावाच्या नावाने अर्ज करा, असा सल्लाही मिळाला. म्हणजे टाकीला ठिगळ लावायला पैसे नव्हते, पण शेजारी दुसरी विहीर खणायला होते. वडील परत आले, टाकी बाहेर काढली, उपडी घातली. आई त्याच संध्याकाळी चुलीपुढे बसली. ती काही बोलली नाही. तिने फक्त माळ्यावरची फुंकणी काढायला मला सांगितले.

पुढे बांधणाऱ्या कारागिराला मोबदला देताना काही वर्षांच्या देखभालीची हमी त्याला जोडण्यात आली, बिघडलेल्या संयंत्रांच्या दुरुस्तीसाठीही तरतूद झाली. कल्पना योग्य होती, पण नव्या उभारणीच्या मानाने ती रक्कम किरकोळ, आणि आमच्या गावापर्यंत तिचा सुगावा कधी आला नाही.

वेगळा हिशेब शक्य होता का? होता, आणि तो आपल्या शेजारीच करून पाहिला गेला. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'अस्त्र' गटाने, ज्याचे प्रमुख अमूल्य रेड्डी होते, सामुदायिक संयंत्र उभारले. आधी त्यावर गावाचा स्वयंपाक करायचा विचार होता. तेवढे शेण गावात नाही हे कळल्यावर १९८७ पासून त्या वायूवर इंजिन चालवून घराघरांत दिवे आणि नळाला पाणी दिले गेले. शेण आणून देणाऱ्या बाईला किलोमागे दोन पैसे रोख मिळत, आणि काला तिच्या वाट्याप्रमाणे परत. दोन पैसे ही रक्कम हसण्यासारखी वाटेल. पण तिथे प्रथमच शेण वाहून आणण्याच्या कामाला हिशेबाच्या वहीत रकाना मिळाला, आणि घरांनी पैसे भरले ते दिवा लागल्याबद्दल. जवळपास दशकभर ते चालले. सरकारी योजनेने त्यातून घेतले काय, तर सामुदायिक संयंत्रांसाठी अनुदानाचा एक वेगळा दर. हिशेबाची पद्धत घेतली नाही.

आपल्याकडे देहूला डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी दुसऱ्या टोकाने हेच केले. तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि उघड्यावरच्या विष्ठेमुळे होणारे आजार पाहून शौचालयांच्या मागे लागले, ते आयुष्यभर. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीमुक्तीसाठी जे काम केले त्याचा धागा त्यांनी पुढे नेला आणि शौचालयाला जोडलेले बायोगॅस संयंत्र सुधारत राहिले. माटुंग्याचा तो पूर्वज इथे पुन्हा भेटतो. मैल्याच्या गॅसवर शिजलेले अन्न माणसे खाणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना देहूने उत्तर दिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संयंत्र बांधून झाल्यावर ते गावातच राहिले, हा त्यांच्या यशातला भाग मला अनुदानापेक्षा मोठा वाटतो.

उभारणीला पैसे द्यायचे की निर्मितीला, हा प्रश्न सरकारला समजत नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. पवनचक्क्यांना आधी यंत्राच्या किमतीवर घसाऱ्याची करसवलत होती. चक्की फिरली काय नि न फिरली काय, कर वाचायचा. साताऱ्याच्या पठारांवर उभ्या राहिलेल्या पुष्कळ चक्क्यांमागे हे गणित होते. २००९ च्या डिसेंबरात केंद्राने निर्मितीवर आधारित प्रोत्साहन आणले, युनिटमागे पन्नास पैसे. वाऱ्याला मीटर बसवता येतो, शेणाला नाही, असे यावर मला एका निवृत्त अधिकाऱ्याने सांगितले. त्यात तथ्य आहे. पण दूध संस्थेत रोज दोन वेळा शेकडो घरांचे दूध मोजले जाते, फॅट लागते, दहा दिवसांनी पैसे मिळतात. ज्या गावाला हे जमते त्याला वर्षातून एकदा शेगडी पेटते का हे पाहता आले नसते?

२०१६ मध्ये उज्ज्वला आली आणि सिलिंडर घरोघरी पोचला. गोबरगॅसची जी चालू संयंत्रे होती त्यांतलीही काही तेव्हा मिटली. रबरी नळी बदलण्यापेक्षा सिलिंडर सोपा. योजनेची नावे बदलत राहिली. राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्पाचा खत व्यवस्थापन कार्यक्रम झाला, २०१८ मध्ये गोबरधन आले, २०२२ मध्ये सगळे राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाखाली आले. आता भर मोठ्या प्रकल्पांवर आणि गाड्यांसाठीच्या गॅसवर आहे.

आमच्या गावात एक दीनबंधू अजून पेटतो. माझ्या चुलत चुलतीचा. नव्वदच्या दशकातला आहे. मागच्या पावसाळ्यात मी वही घेऊन गेलो, तेव्हा काकी नळीतले साचलेले पाणी काढत होती. ते काढले नाही तर ज्योत फडफडते. दर तीन-चार वर्षांनी ती स्वतः हौद उपसून घेते आणि त्या गाळावर तिची वांगी येतात. सिलिंडरही आहे, तो पाहुण्यांसाठी. हे बघायला कार्यालयातून कोणी येते का, असे मी विचारले. "बांधलं तवा आलं हुतं की," ती म्हणाली, "च्या पिऊन गेलं."

मी तिच्या भिंतीवरचा क्रमांक उतरवून घेतला. तो आमच्या टाकीवरच्या क्रमांकासारखाच, त्याच रंगात लिहिलेला आहे. नोंदवहीत दोन्हींपुढे शेरा एकच: 'पूर्ण'.